वजन आधी, नकाशा नंतर: न्यू जर्सीहून ट्रेलर ओढत पश्चिमेकडे

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहकारनगरचं निवृत्त जोडपं, वय ६७ आणि ६३. लेक-जावई न्यू जर्सीत. जावयाने वापरलेला २८ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेतला आहे आणि तो ओढायला तिकडे हाफ-टन म्हणतात तसला पिकअप आहे. नात सात वर्षांची. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात शाळा सुटली की निघायचं आणि सहा आठवड्यांत कॅलिफोर्नियापर्यंत जाऊन परत यायचं. मार्ग कसा आखावा आणि पुण्याहून काय तयारी करून जावं?

माझी नोकरी अ‍ॅक्सल (दोन चाकांना जोडणारा आस) आणि ब्रेक या खात्यातली. त्यातली बरीच वर्षं ओहायोत गेली आणि उन्हाळे ट्रेलर ओढण्यात. आता कर्वेनगरात राहतो आणि तिकडे जाणारे आई-बाप हेच विचारायला येतात. प्रत्येकाच्या हातात मार्ग रंगवलेला नकाशा असतो, वजनाचा कागद मात्र एकाकडेही नसतो. म्हणून मी नकाशा शेवटी उघडतो.

तरी एक कात्री आत्ताच चालवतो. या खेपेला कॅलिफोर्निया सोडा. न्यू जर्सीहून सॅन फ्रान्सिस्को साधारण २,९०० मैल. जाऊन-येऊन आणि मधली वळणं धरून हा प्रवास ७,००० मैलांच्या घरात जातो. मागे ट्रेलर असताना दिवसाला २७५ मैल झाले तरी पुष्कळ. नकाशा तेवढं अंतर चार-सव्वाचार तासांत दाखवतो, पण तो हिशेब मोकळ्या गाडीचा. ताशी ६० मैलांनी, दर दोन तासांनी पाय मोकळे करत, एकदोनदा पेट्रोल भरत गेलं की सहा तास सहज जातात. मुक्कामी पोहोचल्यावर ट्रेलर जागेवर लावणं, सपाट करणं, वीज-पाणी जोडणं यात आणखी एक तास. ७,००० ला २७५ ने भागलं की सव्वीस दिवस गाडीत. बेचाळीस दिवसांतले उरले सोळा, आणि त्यातले चार-पाच कपडे धुण्यात, किराणा आणण्यात आणि नुसतं पडून राहण्यात जातील. वायोमिंगमधल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानापर्यंत जाऊन परतलात तर सगळं मिळून ५,००० मैल होतात, म्हणजे एकोणीस दिवस गाडीत आणि तेवीस मोकळे. कॅलिफोर्निया पुढच्या वर्षी विमानाने करा. तिथे ट्रेलर असून अडचणच होते. शिवाय त्या राज्यात ट्रेलर ओढणाऱ्या कोणत्याही गाडीला ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे.

आता वजन. जावईबापूंना सांगा की पिकअपच्या चालकाकडचं दार उघडा आणि खांबावर टायरच्या दाबाची जी पिवळी-पांढरी पट्टी आहे तिचा फोटो पाठवा. तिच्यावर एक वाक्य असतं: माणसं आणि सामान मिळून वजन इतक्याच्या वर जाता कामा नये. तो आकडा त्या विशिष्ट गाडीचा असतो. जाहिरातीत ‘११,००० पाउंड ओढते’ असं लिहिलेलं असतं ते खोटं नाही, पण हाफ-टन पिकअपचं गणित ओढण्यावर अडत नाही, उचलण्यावर अडतं. ट्रेलरचं पुढचं टोक पिकअपच्या मागच्या हुकावर टेकतं. तो भार, म्हणजे हिचवरचं वजन, ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. आणि तो सगळा त्या पट्टीवरच्या आकड्यातून वजा होतो.

तुमचंच उदाहरण मांडू. पट्टीवर १,५०० पाउंड आहेत असं धरू, म्हणजे ६८० किलो. पाच माणसं, नात धरून, ६८५ पाउंड. २८ फुटी ट्रेलर माहितीपत्रकात ५,८०० पाउंड असतो, पण ते रिकाम्या ट्रेलरचं वजन. बॅटरी, गॅसच्या टाक्या, भांडी, अंथरुणं, खुर्च्या, थोडं पाणी चढलं की ७,२०० कुठे गेले नाहीत. त्याचे साडेबारा टक्के ९००. वजन वाटून देणारा हिच स्वतःच ९० पाउंडांचा. पिकअपच्या मागच्या हौद्यात बर्फपेटी, हत्यारं, नातीची सायकल मिळून १५०. बेरीज १,८२५. म्हणजे गाडी निघण्याआधीच ३२५ पाउंड, जवळजवळ दीडशे किलो जादा. इंजिन कुरकुर करणार नाही, गाडी छान पळेलही. भार येतो तो मागच्या अ‍ॅक्सलवर, टायरवर आणि ब्रेकवर. तो कळायचा तर पहिल्या लांब उतारावर किंवा पहिल्या आडव्या वाऱ्यात.

यावर उपाय तीनच. मोठा, म्हणजे पाऊण टनाचा पिकअप घ्यायचा, ज्याच्या पट्टीवर अडीच-तीन हजारांचा आकडा असतो. नाहीतर २२-२३ फुटी हलका ट्रेलर, भरून ५,००० पाउंडांत बसणारा. तिसरा उपाय स्वस्त आहे: तुम्ही दोघांनी त्या गाडीत बसायचंच नाही. तो पुढे सांगतो. ‘आम्ही ट्रेलरमध्येच बसू’ असं मात्र म्हणू नका. चालत्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये माणसं बसवायला बहुतेक राज्यांत बंदी आहे, आणि बंदी नसती तरी मी कुणाला बसू दिलं नसतं.

वजन कमी करताना लोक एक भलतीच गोष्ट करतात. हिचवरचं वजन उतरवायला जड सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला नेऊन ठेवतात. त्याने आकडा कमी होतो खरा, पण हिचवरचा भार १० टक्क्यांच्या खाली गेला की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. बाजूने मोठा ट्रक गेला, वाऱ्याचा झोत आला, की हे डोलणं सुरू होतं आणि वेग जास्त असेल तर वाढतच जातं. अशा वेळी ब्रेकवर पाय ठोकायचा नाही आणि स्टिअरिंगने उलटसुलट दुरुस्त्या करायच्या नाहीत. अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, चाक सरळ धरायचं आणि डॅशबोर्डखालच्या कंट्रोलरवरून फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने दाबायचे. जावयाने हे पाठ केलेलं असावं, कारण त्या क्षणी विचार करायला सवड मिळत नाही. जड वस्तू ट्रेलरच्या अ‍ॅक्सलवर किंवा किंचित पुढे, खाली जमिनीलगत ठेवायच्या. पाण्याची टाकी कुठे आहे तेही बघून घ्या. ४० गॅलनची भरलेली टाकी दीडशे किलोंची होते. ती अ‍ॅक्सलच्या मागे असेल तर भरल्यावर हिचवरचं वजन घटतं, पुढे असेल तर वाढतं. मुक्कामी नळ असणार असेल तर टाकी पाव भरूनच निघावं, हात धुण्यापुरती.

हे सगळं अंदाजाने करायचं नाही. महामार्गांवरच्या मोठ्या ट्रक-थांब्यांवर कॅट स्केल नावाचे वजनकाटे असतात. सगळे प्रवासी, सगळं सामान, भरलेली पेट्रोलची टाकी अशा अवस्थेत काट्यावर गाडी उभी करायची. पिकअपचा पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल आणि ट्रेलर असे तीन वेगळे आकडे छापून मिळतात. त्या कंपनीचं मुख्यालय आयोवातल्या वॉलकॉटला आहे, तिथल्या आय-८० या आंतरराज्य महामार्गावरच्या अवाढव्य ट्रक-थांब्याशेजारी. तुमचा रस्ता तिथूनच जातो. पण वजन घरून निघण्याआधी करा, हजार मैल गेल्यावर कळून काय उपयोग.

टायरबद्दल थोडं लांबवतो, कारण उन्हाळ्यात रस्त्याकडेला उभे दिसणारे बहुतेक ट्रेलर टायरपायीच उभे असतात. वापरलेला ट्रेलर घेतला की नक्षी छान दिसते, कारण वर्षातले दहा महिने तो अंगणात उभा असतो. पण रबर उन्हाने आतून मरतं. टायरच्या बगलेवर ‘डॉट’ने सुरू होणारा क्रमांक असतो. त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: ‘२३१९’ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली की नक्षीकडे न बघता पाचही टायर बदलायचे, स्टेपनीसकट. ट्रेलरचे टायर ‘एसटी’, म्हणजे ‘स्पेशल ट्रेलर’ प्रकारचे असतात आणि त्यातले बरेच ताशी ६५ मैलांपुरतेच बनवलेले असतात. रस्त्यावर मर्यादा ८० ची लिहिलेली असली तरी तुमची ६२-६३. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायची आणि सहसा बगलेवर छापलेल्या कमाल दाबाइतकी भरायची. दुपारी गरम टायरचा दाब जास्त दिसतो म्हणून हवा सोडायची नाही. चाकांचे नट पहिल्या ५० मैलांनंतर टॉर्क पान्याने पुन्हा आवळायचे. बेअरिंगचं ग्रीस शेवटचं कधी भरलं ते जुन्या मालकाला आठवत नसेल, तर ते भरलेलं नाही असंच समजा.

ब्रेकचं माझं खातं, त्यामुळे जास्त बोलायचा मोह होतो, पण दोनच गोष्टी सांगतो. रोज निघताना, अजून वेग घेतलेला नसताना, फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावून ते धरतात का बघायचं. आणि लांब उतारावर गाडी इंजिनने अडवायची. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे बोरघाटात माल घेऊन उतरणाऱ्या ड्रायव्हरला सांगावं लागत नाही. अमेरिकेत सपाट रस्त्यावर शिकलेल्या आयटीवाल्याला सांगावं लागतं. पिकअपमध्ये ‘टो-हॉल’ नावाचं बटण असतं, ते त्यासाठीच.

आता नकाशा उघडायला हरकत नाही.

पेनसिल्व्हेनिया, ओहायो, इंडियाना हे सगळं आय-८० ने. शिकागोत शहराच्या पोटात शिरणारा आय-९० टाळायचा आणि ८० वरच राहून दक्षिणेने निसटायचं. आयोवा ओलांडला की आय-२९ ने उत्तरेला सू फॉल्स, तिथून आय-९० ने पश्चिमेला बॅडलँड्स आणि रॅपिड सिटी. इथे चार-पाच दिवस राहावं. माउंट रशमोर, म्हणजे डोंगरात कोरलेले राष्ट्राध्यक्षांचे चेहरे, अर्ध्या दिवसात होतं; माझ्या मते जवळचं कस्टर स्टेट पार्क त्याहून सरस आहे. पण तिथल्या नीडल्स हायवेवर एक बोगदा जेमतेम आठ फूट रुंद आहे, तेव्हा ट्रेलर छावणीत ठेवून फक्त गाडी न्यायची. ही सवय सगळीकडेच लावून घ्या. ट्रेलर म्हणजे मुक्कामाचं घर, तो घेऊन फिरायला जायचं नाही. ग्लेशियर उद्यानातल्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या मधल्या डोंगरी भागात २१ फुटांपेक्षा लांब गाडीला मज्जावच आहे. युटातल्या झायन उद्यानाचा बोगदा १९३० साली, त्या काळच्या मोटारींसाठी खुला झालेला. पिकअप आणि ट्रेलर मिळून तुमची लांबी १५ मीटरच्या वर जाते, पीएमपीच्या १२ मीटर बसपेक्षा मोठी, आणि ती मधे मोडते. वळणावर ट्रेलर आतल्या बाजूने कोपरा कापतो, हे पहिले काही दिवस विसरायला होतं.

रॅपिड सिटीहून पुढे बिगहॉर्न डोंगर आडवा येतो. नकाशावर तीन रस्ते दिसतील. १४-ए घेऊ नका, त्यावर दहा टक्क्यांचे उतार आहेत. बफेलो गावातून जाणारा यूएस-१६ त्यातल्या त्यात सौम्य. मग कोडी, आणि तिथून यलोस्टोनचं पूर्व प्रवेशद्वार. सिल्व्हन खिंड उतरून तळ्याकाठी आलं की फिशिंग ब्रिजची छावणी. संपूर्ण यलोस्टोनमध्ये वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्ही जोडण्या असलेली ही एकच. अस्वलांमुळे तिथे तंबू किंवा कापडी भिंतींचे ट्रेलर चालत नाहीत, तुमचा चालेल. पुढे दक्षिणेला ग्रँड टीटन उद्यानात कोल्टर बे इथे अशाच जोडण्या मिळतात. जॅक्सनहून टीटन खिंडीकडे वळू नका, तिथेही दहा टक्क्यांचा चढ-उतार आहे. यूएस-१९१ ने पाइनडेलवरून रॉक स्प्रिंग्स गाठायचं आणि तिथून आय-८० धरून घरी.

परतीचा हा वायोमिंगमधला आय-८० दिसायला सरळसोट आहे, पण त्याचा वारा वाईट. लॅरॅमीच्या आधी एल्क माउंटनच्या पट्ट्यात वारा इतका असतो की हलक्या, उंच गाड्यांना रस्ता बंद करतात. ट्रेलर त्यातच मोडतो. वारा दुपारी चढतो, म्हणून पहाटे निघून अकराच्या आत तो भाग ओलांडायचा. राज्याच्या रस्ते खात्याचं अ‍ॅप फोनवर ठेवा आणि ते थांबा म्हणालं की थांबा. लॅरॅमीच्या पुढचा शर्मन माथा ८,६४० फुटांवर आहे, आय-८० चा सर्वात उंच बिंदू.

वर म्हटलेला तिसरा उपाय इथे बसतो. पेनसिल्व्हेनियापासून आयोवापर्यंत तुम्हाला दिसणार काय, तर मका आणि सोयाबीन. लेक-जावई आणि नात ते चार-पाच दिवस गाडीने काढतील. तुम्ही दोघं त्यांच्यानंतर विमानाने थेट रॅपिड सिटीला या. गुडघे वाचतील. पुढच्या डोंगराळ भागात मात्र तुम्ही गाडीत असणारच, तेव्हा फक्त यावर विसंबून २८ फुटी ट्रेलर नेता येणार नाही. काट्यावरचा आकडा जादा निघाला तर त्या भागात तुम्हा दोघांसाठी छोटी भाड्याची गाडी घ्यावी लागेल. ती लेकीने चालवायची. खर्च वाढतो, पण मोठ्या पिकअपपेक्षा स्वस्त पडतं. भाड्याच्या गाडीला ट्रेलर जोडायचा विचार मनात आला असेल तर काढून टाका, बहुतेक भाडे कंपन्या ते करारातच नाकारतात.

मुक्कामांची आरक्षणं हा खरा पेच, आणि इथे उशीर झाला असेल तर वजनाहूनही लवकर प्रवास अडतो. राष्ट्रीय उद्यानांच्या बहुतेक छावण्या सरकारी रिक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावर सहा महिने आधी खुल्या होतात आणि जुलैच्या तारखा सकाळी उघडल्या की मिनिटांत संपतात. फिशिंग ब्रिज वेगळ्या कंत्राटदाराकडे आहे, त्याचं आरक्षण त्याहूनही आधी सुरू होतं. मिळालं नाही तर रडू नका. रद्द झालेल्या जागा रोज परत येतात. लेकीने रात्री झोपताना एकदा बघायची सवय ठेवावी. तेही जमलं नाही तर कोडी किंवा वेस्ट यलोस्टोन गावातल्या खासगी छावणीत राहून रोज आत जायचं. जागा निवडताना ट्रेलरची लांबी बघा, जुन्या उद्यानांतल्या बऱ्याच जागा २५ फुटांच्या आतल्या. शक्य तिथे सरळ आत शिरून सरळ बाहेर पडता येईल अशी जागा मागा. ४ जुलैच्या आसपासचे चार दिवस सगळ्यात आधी पक्के करा. ऑगस्टच्या सुरुवातीला रॅपिड सिटीजवळ स्टर्जिस इथे मोटरसायकलवाल्यांचा प्रचंड मेळा भरतो, तेव्हा तिथे जागा मिळत नाही. तुम्ही तोवर पुढे गेलेले असाल. प्रत्येक मुक्काम मात्र पक्का करू नका: जिथे गर्दी तिथलं आरक्षण, मधल्या आयोवा-नेब्रास्कातल्या रात्री मोकळ्या. तिथे संध्याकाळी फोन केला तरी जागा मिळते. फुकट म्हणून मोठ्या दुकानांच्या वाहनतळावर रात्र काढणारे असतात, पण जुलैत वीजजोडणीशिवाय एसी चालत नाही, आणि तुमच्या वयाला तो लागणार.

उद्यानांच्या प्रवेशाचा नियम २०२६ पासून बदलला. अमेरिकेत राहणाऱ्यांचा वार्षिक पास ८० डॉलर, बाहेरच्यांचा २५०. बाहेरच्या माणसाकडे हा पास नसेल तर यलोस्टोन, ग्रँड टीटन, ग्रँड कॅन्यन धरून अकरा उद्यानांत माणशी १०० डॉलर जादा. तुमच्या वाटेवर त्यातली दोन येतात आणि तुम्ही दोघं, म्हणजे पास नसेल तर जादाच ४०० होतात. तेव्हा २५० चा पास तुमच्या नावाने काढा. पासपोर्ट जवळ ठेवा.

ट्रेलरमधल्या रोजच्या जगण्याबद्दल तिकडची पुस्तकं आपल्या घरांसाठी लिहिलेली नसतात. आपल्या सवयींचा परिणाम टाक्यांवर होतो. ट्रेलरला खाली दोन टाक्या असतात, संडासाची वेगळी आणि मोरी-स्वयंपाकघराची वेगळी. आपण पाणी वापरतो त्यामुळे संडासाची टाकी लवकर भरते, पण ते चांगलंच आहे. कागद वापरणाऱ्यांच्या टाकीत पाणी कमी पडून खाली घट्ट ढीग साचतो आणि तो काढताना नको नको होतं. त्यासाठीच, सांडपाण्याची जोडणी असली तरी संडासाच्या टाकीची झडप कायम उघडी ठेवायची नाही. टाकी बरीच भरू द्यायची आणि मग एकदम सोडायची. आधी ती, नंतर मोरीची, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. हातमोजे घालायचे. हे काम जावयाचं आहे, तुम्ही पुढे होऊ नका. मोरीची टाकी मात्र आपल्या भांड्यांनी दीड दिवसात भरते. कढई आधी कागदाने पुसून घ्यायची आणि तेल, भाताची शितं त्यात जाऊ द्यायची नाहीत. जिथे जोडणी नाही तिथे टबात भांडी विसळायची. दोन दिवसांत जमतं, फक्त वहिनींच्या स्वच्छतेच्या कल्पनेला थोडी मुरड पडते.

विजेचं गणित सोपं. ट्रेलरला बहुधा ३० अँपिअरची जोडणी असते. तिकडचा दाब १२० व्होल्ट, म्हणजे एकूण ३,६०० वॉट. एसीच दीड हजार खातो, मायक्रोवेव्ह तेवढाच, पाणी तापवायचा हीटर तेवढाच. दोन चालतील, तिसऱ्याला फ्यूज उडेल. पुण्याचा मिक्सर नेऊ नका, तो २३० व्होल्टांचा आहे. कुकर न्या, आणि त्याच्या दोन जादा रिंगा. त्या आयोवात मिळत नाहीत. ट्रेलरची गॅसची शेगडी आपल्यापेक्षा मंद असते, त्यामुळे शिट्ट्यांना वेळ लागतो. फोडणी देताना वरचा पंखा आणि खिडकी उघडी हवी. धुराने अलार्म वाजला की शेजारच्या छावणीतले लोक धावत येतात. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा असतो, त्याची मुदत छापलेली असते. जुना ट्रेलर आहे म्हणून ती बघून घ्या.

हवामानात मला भीती वाटते ती सपाट प्रदेशातल्या संध्याकाळच्या वादळांची. आयोवा, नेब्रास्का, साउथ डकोटा इथे जून-जुलैत गारा पडतात आणि टोर्नेडो, म्हणजे सोंडेसारखी गरगरणारी वादळं, होतात, आणि ट्रेलर त्या वेळी आसरा घ्यायची जागा नव्हे. इशारे जिल्ह्याच्या, म्हणजे काउंटीच्या नावाने येतात. म्हणून मुक्कामी पोहोचल्यावर पहिला प्रश्न: ही काउंटी कोणती, आणि वादळात जायची पक्की इमारत कोणती? बहुतेक ठिकाणी ती न्हाणीघराची इमारत असते. यलोस्टोनचं तळं ७,७०० फुटांवर आहे, महाबळेश्वरच्या दीडपटीहून जास्त उंच. जुलैतही पहाटे कडाका असतो, तेव्हा पुण्याच्या मे महिन्यातून जाताना स्वेटर हास्यास्पद वाटला तरी घ्या. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर इतक्या उंचीबद्दल डॉक्टरांना आधी विचारा.

खर्चाचा कच्चा अंदाज हवा असेल तर ट्रेलर मागे असताना पिकअप गॅलनला दहा मैल देतो, म्हणजे लिटरला सव्वाचार किलोमीटर. ५,००० मैलांना ५०० गॅलन. गॅलनला साडेतीन डॉलर धरले तर १,७५०. चाळीस रात्री सरासरी ६० डॉलर धरून २,४००. टोल अ‍ॅक्सलच्या संख्येवर लागतो, तो तुमचा नेहमीपेक्षा जास्त येईल.

लांबच्या प्रवासाआधी न्यू जर्सीतून तास-दीड तासावर, पोकोनोजमध्ये किंवा डेलावेअर वॉटर गॅपजवळ, लेक-जावयाने दोन रात्रींचा सराव मुक्काम करावा, तोही सगळं सामान भरून. गळणारे नळ, न जळणारा दिवा, बंद न होणारं दार हे सगळं तिथे कळतं. ट्रेलर मागे घेण्याचा सराव रविवारी सकाळी रिकाम्या वाहनतळावर. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा. हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला ट्रेलरचं शेपूट जातं. मागे उभं राहून दिशा दाखवणाऱ्याने चालकाला आरशात दिसत राहायचं आणि ओरडायचं नाही. या वेळी नवरा-बायकोत तिसऱ्या माणसाने, विशेषतः सासऱ्याने, सूचना द्यायच्या नसतात.

तुम्ही स्वतः गाडी चालवावी का? आंतरराष्ट्रीय परवाना संगम पुलाजवळच्या आरटीओतून काढून ठेवा, एक वर्ष चालतो, मूळ परवाना सोबत लागतो. जावयाच्या विम्यात तुमचं नाव घालून घेतलं तर ट्रेलर सोडलेला असताना गावात दूध आणायला जाल. ट्रेलर जोडलेला असताना चाकाला हात लावू नका; आयुष्यभर रस्त्याच्या डावीकडून चालवलेल्या माणसाची ती वेळ नव्हे. वाटेत नायगारा करायचा मोह झाला तर पूल ओलांडू नका. पलीकडे कॅनडा आहे आणि आपल्या पासपोर्टला त्याचा वेगळा व्हिसा लागतो. डेट्रॉइट आणि न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या मधे फोनचा नकाशाही कधीकधी आपण होऊन कॅनडातून नेतो. वॉशिंग्टनकडे उतरायचं झालं तर बाल्टिमोरच्या बोगद्यांतून गॅसच्या मोठ्या टाक्या असलेल्या ट्रेलरला जाता येत नाही, आणि पर्यायी पूल मार्च २०२४ मध्ये जहाज आदळून पडला. तेव्हा शहराला पश्चिमेने वळसा घालायचा.

सामानात औषधं पूर्ण मुक्कामाची, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि हातातल्या बॅगेत. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला चालतो, पण खाण्याचं जे न्याल ते विमानतळावर न विचारता सांगून टाका. कढीपत्ता नेऊ नका, लिंबूवर्गीय झाडांच्या रोगामुळे त्याला बंदी आहे. हापूसची पेटीही नको. विकिरण केलेला आंबा व्यापाऱ्यांच्या वाटेनेच तिकडे जातो. आरोग्य विमा काढताना जुन्या आजाराच्या अचानक उचल खाण्याला संरक्षण आहे का ते वाचा, आणि रकमेचा आकडा लहान ठेवून पैसे वाचवू नका. दाताचं आणि चष्म्याचं काम निघण्याआधी इथेच उरकून घ्या, तसल्या पॉलिसीत ते सहसा धरत नाहीत.